काळ्या रानात लांब साखळी कशी चालते

साडेसहा कोटी वर्षांपूर्वी

तुम्ही उभे आहात ती जागा पुढे वैराग म्हणून ओळखली जाणार आहे. आज इथे बार्शी नाही, सोलापूर नाही, दोघांना जोडणारा रस्ता नाही. नजर पोचेल तिथवर गोठलेला काळा दगड आहे. दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थर एकावर एक चढत आहेत, आणि तुमच्या पायाखालचा थर अजून पुरता निवलेला नाही. इथे गवत नाही, मूळ नाही.

थांबा, काळ वेगानं पुढे जाऊ द्या. पाऊस पडतो, दगड झिजतो, पुन्हा पाऊस पडतो. बेसॉल्टमधली खनिजं पाण्यात विरघळतात आणि पुन्हा जुळून एक नवं खनिज तयार होतं, माँटमोरिलोनाइट. काळ्या मातीचा सगळा स्वभाव त्यातून आला आहे. त्याचं एक पान जेमतेम एक नॅनोमीटर जाडीचं असतं. पानांच्या मध्ये पाणी शिरलं की माती फुगते, पाणी गेलं की आकसते. एक ग्रॅम माँटमोरिलोनाइटची सगळी पानं उलगडून पसरली तर सातशे-आठशे चौरस मीटर जागा व्यापतील. शेताच्या भाषेत सांगायचं तर सात-आठ गुंठे.

एक ग्रॅम चिकणमाती आणि सात-आठ गुंठ्यांचा पृष्ठभाग! हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९३० चं दशक, परतीच्या पावसानंतर

आता तुम्ही वैरागच्या शिवारात आहात. शेवटचा पाऊस पडून गेला आहे. तुम्ही बांधावरून रानात पाय टाकता आणि चपलेला मातीचा जाड थर लागतो. पलीकडून एक शेतकरी ओरडून सांगतो, "पावणं, जरा दमानं. रानाला अजून वाफसा न्हाय."

वाफसा म्हणजे काय ते त्यांना पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही. मातीच्या बारीक छिद्रांत पाणी थांबलं आहे आणि मोठ्या छिद्रांतलं पाणी निथळून तिथे हवा खेळते आहे, अशी ती वेळ. ती साधली तर पाभर नीट चालते. ती चुकली तर चिखल तुडवला जातो किंवा ढेकळं निघतात. वाफसा कळणाऱ्या माणसाला मातीतली छिद्रं एकसारखी नसतात हे कळलेलं असतं.

याच दशकात सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र सुरू झालं आहे, साल १९३३. ना. वि. कानिटकर आणि त्यांचे सहकारी पावसाचं पाणी रानातच कसं जिरवायचं याचा शोध घेत आहेत: बांध कसे घालायचे, ओल किती खोल जाते, कोळपणीनं भेगा बुजवल्या तर ती किती टिकते. जवळच्या मोहोळला स्थानिक मालदांडीतून निवडलेला ३५-१ हा वाण तयार होतो आहे. पुढची कित्येक दशकं या भागाची भाकरी त्यावर होणार आहे.

चार महिने पुढे सरका. ज्वारी काढून झाली आहे, कडब्याच्या पेंढ्या रचल्या आहेत. एक म्हातारी रानात धसकटं वेचते आहे. ती एक धसकट उपटून तुमच्या हातात देते. ते निरखून पाहा. बारीक मुळ्यांभोवती मातीचा एक थर घट्ट चिकटलेला आहे. तो झटकला तरी पुरता सुटत नाही, आणि सुटतो तेव्हा भुगा होत नाही, रवाळ गोळ्या होतात. दोन हात पलीकडची उघडी माती मात्र बोटांत चुरली की पीठ होते.

मुळांनी काहीतरी सोडलं आहे. वाढत्या मुळाच्या टोकाशी एक बुळबुळीत द्रव सुटतो आणि त्यावर जगणारे जीवाणू आपला चिकट पदार्थ त्यात घालतात. दोन्हींत साखरेचे रेणू एकापुढे एक जोडून झालेल्या लांबच लांब साखळ्या असतात.

म्हातारीनं दिलेल्या मुळीला जे ठाऊक आहे, त्यावर याच सुमाराला युरोपात कडाक्याचा वाद चालू आहे. १९२० साली हेरमान श्टाउडिंगर यांनी मांडलं की रबर, स्टार्च, सेल्युलोज यांसारखे पदार्थ हजारो दुवे असलेल्या सलग साखळ्यांचे आहेत. अनेक मोठ्या रसायनशास्त्रज्ञांना एवढा लांब रेणू असू शकतो हेच पटत नव्हतं. १९३० च्या दशकात पुरावा त्यांच्या बाजूनं झुकला. नोबेल मात्र १९५३ साली मिळालं.

मे १९७३

ऊन डोक्यावर आहे. हेच रान तुम्हाला ओळखू येत नाही. हात आत जाईल एवढ्या रुंद भेगा पडल्या आहेत आणि त्यांचा तळ दिसत नाही. शिवारातली माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली आहेत. जेवणात सुकडी आहे, परदेशातून आलेला लाल मिलो आहे. या महिन्यात राज्यभर जवळजवळ ५० लाख माणसं अशा कामांवर आहेत.

भेगेच्या काठावर बसा. आकसलेल्या मातीनं स्वतःचे दोन भाग केले आहेत: एकीकडे अंगठा, मनगट जाईल अशा वाटा आणि त्यांच्यामध्ये घट्ट ढेकळं, ज्यांच्या आतल्या फटी काही नॅनोमीटरच्या. बोटभर अंतरात छिद्राचं माप लाखो पटींनी बदलतं. अशा जागेत एखादी लांब साखळी सोडली तर ती कुठे जाईल?

या प्रश्नाचं पहिलं मोठं उत्तर दोनच वर्षांपूर्वी, १९७१ साली, फ्रान्समध्ये लिहिलं गेलं आहे. पिएर-झिल द झेन यांनी न हलणाऱ्या अडथळ्यांच्या रानात अडकलेल्या साखळीचा विचार केला. ते समजून घ्यायला इथलंच रान पुरेसं आहे. नुकत्याच कापलेल्या ज्वारीच्या सडांमध्ये एक लांब कासरा वळणं घेत पडला आहे असं समजा. त्याला आडवा ओढलात तर प्रत्येक सड त्याला अडवतो. टोकाला धरून ओढलात तर तो स्वतःच्याच वळणावळणाच्या वाटेनं सरकत बाहेर येतो. साखळीला ओढणारं कुणी नसतं. उष्णतेच्या धक्क्यांनी ती कधी एका टोकाकडे सरकते, कधी दुसऱ्या. जुनी वाट मागून पुसत जाते, नवी पुढे तयार होते.

यातून हिशेब निघतो. साखळी दुप्पट लांब केली तर स्वतःची वाट पूर्ण सोडायला तिला आठपट वेळ लागतो आणि तिचं भटकणं चौथ्या हिश्श्यावर येतं. वितळलेल्या पॉलिमरमधल्या मोजमापांत हा वेळ आठपटीहूनही थोडा जास्त, दहापटींच्या आसपास निघतो, पण मूळ चित्र टिकून राहिलं. १९९४ साली स्टॅनफर्डला स्टीव्हन चू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चमकणाऱ्या डीएनएचं एक टोक लेझरनं धरून दाट गर्दीतून ओढलं आणि सोडून दिलं. मागचा सगळा धागा पुढच्या टोकानं घेतलेल्या वळणांवरूनच सरकत आला. ती वाट डोळ्यांना दिसली.

पण द झेन यांच्या रानातले अडथळे सगळीकडे सारख्याच अंतरावर आहेत. वैरागच्या मातीत तसं काहीच नाही.

१९८० चं दशक, पुणे

तुम्ही पाषाण रस्त्यावर आहात, १९५० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत. पॉलिमरवर इथे जोरात काम चालू आहे. गोव्याच्या माशेल गावचे रघुनाथ माशेलकर १९७६ साली इथे आले आणि १९८९ मध्ये संचालक होणार आहेत. टेबलावरच्या पेल्यात पांढरट कण आहेत. त्यांवर पाणी ओतलं की काही मिनिटांत ते फुगून पारदर्शक गोळे होतात. इथल्या या पदार्थाला नाव मिळालं आहे 'जलशक्ती'. बहात्तरच्या दुष्काळातून आलेल्या कुणालाही हे नाव का दिलं ते समजावून सांगावं लागत नाही.

जेलमध्येही लांब साखळ्याच असतात, पण त्या एकमेकींना ठिकठिकाणी कायमच्या बांधलेल्या असतात. पाणी आत शिरतं, साखळ्या ताणल्या जातात, पण सुटत नाहीत. शुद्ध पाण्यात असे पदार्थ वजनाच्या शेकडो पट पाणी धरतात. विहिरीच्या क्षारट पाण्यात ही ताकद बरीच घटते, कारण कॅल्शियमसारखे आयन साखळ्यांना आवळून धरतात. आणि मुख्य गोष्ट अशी की बांधलेली साखळी जागची हलत नाही. जेलचा कण रानात वर टाकला तर वरच राहतो. मुळाशी हवा असेल तर मुळाच्या खोलीवर नेऊन मिसळावा लागतो.

मग न बांधलेली, पाण्यात विरघळणारी साखळी घेतली तर? पाण्याबरोबर ती खाली उतरेल का?

१९८७, ढेकळाच्या आत

आता तुम्हाला लहान व्हावं लागेल, केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याएवढं. तुम्ही परत वैरागच्या रानात आहात, एका ओल्या ढेकळात, आणि तुमच्याशेजारी दहा हजार दुव्यांची साखळी आहे. एक दुवा अर्ध्या नॅनोमीटरचा धरला तर ती ताणून सरळ केल्यावर पाच मायक्रॉन लांब होईल. पण ती सरळ राहत नाही. पाण्याचे रेणू तिला चहूकडून ढकलतात आणि तिचा सैल गुंता होतो, साधारण पन्नास ते शंभर नॅनोमीटरचा.

समोर एक मोठी पोकळी आहे. तिच्या एका बाजूला अरुंद घसा आणि घशापलीकडे दुसरी पोकळी. तुमची साखळी पहिल्या पोकळीत आहे आणि तिथून निघत नाही. तिला कुणी धरलेलं नाही. मोठ्या पोकळीत तिला वळण्याच्या, दुमडण्याच्या असंख्य तऱ्हा मिळतात, घशात मोजक्याच. उष्णतेचे धक्के सगळ्या तऱ्हांना सारखाच वाव देतात, म्हणून जिथे तऱ्हा जास्त तिथेच ती बहुतेक वेळ सापडते. घशातून जायचं तर मोकळीक सोडावी लागते. साखळी जितकी लांब, तितकी जास्त.

याच काळात जर्मनीतले बाउमगार्टनर आणि भारतात जन्मलेले, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला शिकवणारे मुरुगप्पन मुथुकुमार यांनी संगणकावर हेच रान उभं केलं: अडथळे कसेही विखुरलेले, पोकळ्या लहानमोठ्या. पुढच्या वर्षी सॅम एडवर्ड्स आणि मुथुकुमार यांनी त्याचा सिद्धान्त मांडला. अशा अस्ताव्यस्त जागेत साखळी आक्रसते. पुरेशी लांब साखळी एका पोकळीच्या मापाशी येऊन थांबते आणि एकदा तिथे बसली की तिचं भटकणं द झेन यांच्या हिशेबापेक्षाही वेगानं मंदावतं. ती सरकत नाही, मुक्काम करते. बराच काळ एका जागी बसते, मग एखाद्या क्षणी घसा ओलांडते आणि पुढच्या पोकळीत पुन्हा बसते.

इथे अडथळे किती दाट आहेत याच्या सरासरीला फारसा अर्थ उरत नाही. दोन ढेकळांतली एकूण पोकळी सारखी असेल, पण एकात सगळी छिद्रं एकसारखी आणि दुसऱ्यात काही मोठी, बाकी बारीक असतील तर साखळीचा प्रवास दोन्हींत पूर्ण वेगळा होतो. चाल ठरवते ती विषमता.

तुमच्या ढेकळात आणखी एक गोष्ट आहे, ती संगणकातल्या रानात नव्हती. भिंती चिकट आहेत. साखळीचा एक दुवा मातीच्या पानाला लागतो, मग दुसरा, मग शंभरावा. प्रत्येक दुव्याची पकड अगदी हलकी असते, क्षणात सुटणारी. पण शंभर ठिकाणची पकड एकाच क्षणी सुटणं जवळजवळ अशक्य आहे. शिवाय मुळांच्या द्रवातल्या आम्लधर्मी दुव्यांना आणि मातीच्या पानांना सांधायला काळ्या रानात कॅल्शियम मुबलक आहे. आता सुरुवातीचा आकडा आठवा. एका ग्रॅममध्ये सात-आठ गुंठ्यांच्या भिंती, आणि साखळीला त्यांच्यामधून वाट काढायची आहे.

१९९९, कॉर्नेल

दूरवर एक फेरी मारू, कारण तिथे या नियमाला एक वळण मिळालं. अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठात जाँगयून हान, स्टीफन टर्नर आणि हॅरल्ड क्रेगहेड यांनी सिलिकॉनवर एक वाट कोरली आहे: खोल कप्पा, मग शंभर नॅनोमीटरच्या आतबाहेरची उथळ फट, मग पुन्हा खोल कप्पा. विजेच्या ओढीनं डीएनए पुढे जायला बघतं आणि प्रत्येक फटीशी अडखळतं. तुम्ही सूक्ष्मदर्शकात बघता. लांब डीएनए मागे पडेल अशी तुमची खात्री असते. लांब डीएनए आधी पोचतं.

कारण समजलं की हे अगदी स्वाभाविक वाटतं. फट ओलांडायला साखळीचा एक छोटा पदर आत जाणं पुरेसं असतं, उरलेली विजेच्या ओढीनं मागोमाग येते. लांब साखळीचा गुंता फटीच्या काठाला जास्त जागी टेकलेला असतो, म्हणून पदर आत शिरण्याची संधी तिला जास्त वेळा मिळते. अडथळा तोच, पण ओढ असली आणि अडथळ्याचा आकार बदलला की निकाल उलटा होतो.

मातीतही एक ओढ असते, वाहत्या पाण्याची. पण ती सगळीकडे सारखी नसते. वैरागच्या रानात पहिला जोराचा पाऊस भेगांमधून धावतो, ढेकळाच्या पोटात तो अगदी सावकाश झिरपतो. पाण्यातली साखळी एकतर भेगेबरोबर निघून जाते, नाहीतर वरच्या थरातच भिंतीला धरून बसते. जिथे तिची गरज आहे त्या ढेकळाच्या आत, बारीक फटींच्या तोंडाशी, ती बाहेरून पोचत नाही.

याची साक्ष शेतातूनच मिळाली. अमेरिकेत १९५१ साली मोन्सँटो कंपनीनं माती बांधून ठेवणारा 'क्रिलियम' हा पॉलिमर मोठ्या अपेक्षेनं जाहीर केला. तो सबंध नांगरटीच्या थरात मिसळावा लागे आणि खर्च परवडेना. १९९० च्या दशकात आयडाहोच्या किंबर्ली इथे लेन्ट्झ आणि सोजका यांनी रोख बदलला. सरीत सोडलेल्या पाण्यात लिटरमागे फक्त १० मिलिग्रॅम पॉलिअॅक्रिलामाइड घातलं आणि सरीतली माती वाहून जाणं बहुतांशी थांबलं. एवढ्या थोड्यात काम झालं, कारण साखळी खाली गेलीच नाही. वरच्या काही मिलिमीटरला तिनं धरून ठेवलं आणि तिथे तेवढंच हवं होतं. ज्या कारणानं ती सरीच्या पृष्ठभागावर उपयोगी पडली, त्याच कारणानं ती ज्वारीच्या मुळाखाली दोन फुटांवर पोचणार नाही.

यंदाची रब्बी

आता आजच्या वैरागमध्ये या. मालदांडी हातभर वर आली आहे. तिचं मूळ खाली जातंय, काळ्या रानात दीड मीटरच्या आसपास. ते भेगांच्या वाटांनी उतरतं, ढेकळाच्या बाजूला लागतं, त्यातून बारीक फाटे आत घुसवतं, आणि प्रत्येक फाट्याच्या टोकाशी साखळ्या तयार करतं. पाण्याला जी वाट सापडत नाही ती मुळाला सापडते, कारण मूळ वाढतं आणि मातीला बाजूला सारतं. लांब साखळीला विषम रानातून प्रवास करणं जमत नाही, म्हणून तिला जागेवर जन्मावं लागतं, आणि जागेवर जन्म देणारी एकच यंत्रणा शेतकऱ्याच्या हातात आहे: जिवंत मूळ आणि त्यावर पोसलेले जीवाणू व बुरशी.

ऑस्ट्रेलियातले टिस्डॉल आणि ओड्स यांनी १९८२ साली या बांधणीचे टप्पे दाखवले होते. साखरेच्या साखळ्या मातीला पटकन बांधतात, पण काही आठवड्यांत जीवाणू त्या खाऊन टाकतात. बारीक मुळं आणि बुरशीचे धागे महिनोन् महिने धरून ठेवतात. म्हणजे हा बांध एकदा घालून संपत नाही. रान जितके महिने उघडं, तितके महिने तो झिजतो.

यात रोजच्या शेतीसाठी थेट अर्थ आहे. कडबा जनावरांना लागतो, तो रानात सोडा असं कोरडवाहू शेतकऱ्याला कुणी सांगू नये. धसकटांत खोडकिडा मागे राहतो, म्हणून ती वेचण्यालाही कारण आहे. पण बारीक मुळ्या मातीतच राहू देणं, नांगरट गरजेपुरतीच करणं, पावसाळ्यात रान मोकळं न ठेवता उडीद-मुगासारखं थोड्या दिवसांचं पीक घेणं, शेणखत घालणं, हे सगळं एकाच कामासाठी आहे. साखळ्या जिथे लागतात तिथे त्या पुन्हा पुन्हा तयार व्हाव्यात.

दोन ढेकळं घ्या, एक नेहमी नांगराखाली असलेल्या रानातलं, एक गवताच्या मुळांनी भरलेल्या बांधावरचं. दोन्ही पूर्ण वाळवा आणि दोन पेल्यांतल्या पाण्यात अलगद सोडा. रानातलं बघता बघता विरघळून तळाशी गाळ होईल, बांधावरचं बहुधा बराच वेळ तग धरून राहील. तोच पाऊस, तीच माती, फरक आतल्या साखळ्यांचा आणि मुळ्यांचा.

२०१५ पासून शेतकऱ्यांना मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत १२ घटक मोजले जातात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल आणि बोरॉन. सगळे महत्त्वाचे आहेत. पण ढेकूळ पाण्यात किती वेळ टिकतं हे त्यात कुठेच नाही. सोलापूरसारख्या जिल्ह्यात मोजका पाऊस जिरतो की वाहून जातो हे त्यावरही ठरतं, आणि ते मोजायला एक पेला आणि एक घड्याळ पुरतं. हा तेरावा रकाना त्या पत्रिकेत यायला हवा. तो येईपर्यंत वैरागच्या प्रत्येक शेतकऱ्यानं तो आपल्या वहीत स्वतःच्या हातानं भरावा, दर वर्षी, एकाच रानातून, पेरणीच्या आधी.